केशरी झालेलं पाणी

शाळेच्या सहलीहून आलेली सुफिया दारातच दप्तर टाकून आईच्या कमरेला बिलगली, आणि आसमीनच्या नाकात तो वास शिरला. पोरीच्या ओल्या केसांना होता, कानामागे होता, पिशवीतल्या टॉवेलला तर होताच होता.

"अम्मी, तिथं पाणी निळं होतं! पण डोळे चुरचुरतात."

"क्लोरीन घालतात गं त्यात. जा, आंघोळ करून घे."

जा म्हणाली खरी, पण पोरीला सोडवेना. सणसवाडीच्या त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, बाहेर कंपनीच्या शिफ्टच्या बस भोंगे वाजवत असताना, आसमीन लेकीच्या केसांत नाक खुपसून उभी राहिली. लोकांना बेकरी म्हटलं की भाजलेल्या पावाचा वास आठवतो. तिला मात्र यवतची बेकरी आठवायची ती ह्या वासाने. आता तिथे मोबाइलचं दुकान झालं आहे. भट्टी पाडली, मागचा सिमेंटचा हौद फोडला, आणि त्या हौदाभोवती एका उन्हाळ्यात केवढा गोंधळ झाला होता हे सांगायला फारसं कुणी उरलंही नाही.

ते साल अठ्ठ्याण्णव. सुफिया तेव्हा रांगत होती. यवतच्या हायवेला लागून चांदभाईंची बेकरी, पुढे दुकान, मधे भट्टी, मागे घर. घरातली माणसं मोजकी: सासरे चांदभाई, सासू सुगराबी, नवरा अक्रम, आणि केंदूरहून लग्न होऊन आलेली आसमीन. ती शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. सून शिकलेली आहे हे चांदभाई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत आणि घरात तिचं काही ऐकत नसत.

त्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. पाइपलाइन कुठेतरी गटाराजवळ फुटली होती म्हणे. गल्लीत एकामागून एक माणूस आडवं पडू लागलं. आसमीनची झोप उडाली. रोज सकाळी ती सुफियाला उन्हात घेऊन बसायची, तिच्या पापण्या खाली ओढून पांढरं किती पांढरं आहे ते बघायची, नखं दाबून बघायची, लंगोट उजेडात धरायची.

"बघून बघून तुझेच डोळे पिवळे व्हतील एक दिवस," सुगराबी म्हणायच्या. "पोरगी हाय का परीक्षेचा पेपर?"

आरोग्य केंद्राच्या सिंधूबाई नर्स घरोघरी क्लोरीनच्या छोट्या बाटल्या वाटत फिरत होत्या. पाण्यात थेंब टाका, अर्धा तास थांबा, मग प्या. त्या बेकरीच्या पायरीशी आल्या तेव्हा चांदभाईंनी हात जोडले.

"सिस्टर, तुमचं औषध चांगलंच असंल. पण माझ्या हौदात काय घालायचं न्हाई. ह्याच पाण्यात कणीक मळतो मी. पाण्याची चव गेली की पावाची गेली."

सिंधूबाई पुढच्या घरी गेल्या. आसमीन पोर काखेत घेऊन मागच्या दाराने निघाली आणि गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांना गाठलं.

"ताई, एक बाटली द्या. अब्बांना सांगू नका."

सिंधूबाई का कोण जाणे, गालात हसल्या आणि बाटली दिली.

तेव्हापासून रोज सकाळी नळ येऊन हौद भरला की आसमीन कपडे भिजवायच्या निमित्ताने मागे जायची आणि मापून औषध टाकायची. माप अगदी बरोबर. शिरूरच्या प्रयोगशाळेत शिंदे मॅडमनी हाताला शिस्त लावलेली. त्याच मॅडमनी एकदा हिरवट-पिवळ्या वायूने भरलेल्या बरणीत जास्वंदीची ओली पाकळी सोडली होती, आणि बघता बघता तिचा लाल रंग उतरून ती पांढरीफटक झाली होती. सगळ्या मुली बाकावरून पुढे वाकलेल्या. "हा क्लोरीन निसर्गात एकटा कधी सापडत नाही बरं का," मॅडम म्हणाल्या होत्या. "सारखं कुणाला तरी धरून बसायची सवय त्याला. सोडियमला धरलं की मीठ होतं, तेच तुम्ही रोज भाकरीत घालता. मोकळा सोडला की समोर येईल त्याला धरतो." मुली हसल्या होत्या. केंदूरच्या एसटीत परतताना आसमीनने डब्यातली कैरीची फोड तोंडात टाकली, तिला लावलेलं मीठ जिभेवर विरघळलं, आणि त्या बरणीतला वायू आपण आता खातोय असं वाटून तिला किती मजा वाटली होती! ते दिवस फार हलके होते. तेव्हा भीती फक्त एसटी चुकायची.

हौदात थेंब पडताना तिला ती पाकळी आठवायची, आणि सुफियाच्या पोटात जाणारा घोट निर्मळ झाला म्हणून थोडा वेळ छातीवरचं ओझं उतरायचं. चांदभाईंना कळलं तर हे बंद होईल, एवढी एकच धास्ती.

आणि तेवढ्यात पाव फुगायचे थांबले.

चांदभाईंच्या बेकरीत बाजारचं यीस्ट येत नसे. सुगराबींच्या दौंडच्या माहेरी बेकरी होती, स्टेशनाजवळ. निकाहानंतर पाठवणी करताना त्यांच्या वडिलांनी दागिन्यांच्या डब्याबरोबर ओल्या फडक्यात बांधलेला खमिराचा गोळा दिला होता. त्यांच्याकडे रीतच होती ती, बेकरीवाल्याची लेक बेकरीत दिली की खमीर तिच्याबरोबर जायचं. तो गोळा सुगराबींनी इतकी वर्षं चिनी मातीच्या बरणीत जगवला होता. रोज कणकेतला एक गोळा मागे ठेवायचा, त्याला मैदा आणि पाणी चारायचं. मुलांना ताप आला तरी आधी बरणी, मग मुलं, असं अक्रम चेष्टेने म्हणायचा.

पहिल्या दिवशी पाव जरा बसके झाले. चांदभाईंनी मैद्याच्या व्यापाऱ्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी आणखी बसके. सुगराबींनी बरणीवरून मिरच्या ओवाळून भट्टीत टाकल्या, सगळं घर खोकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाव म्हणजे नुसत्या चकत्या. आणि नेमकी त्याच दिवशी गावातले पुढारी मच्छिंद्र आप्पा यांची मोठी ऑर्डर हाती होती. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल, आणि आप्पांनी आधीच विजयाच्या मिसळीचा बेत जाहीर केलेला.

आप्पा स्वतः बघायला आले. परातीतल्या कणकेत त्यांनी बोट खुपसलं. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"चांदभाई, ही कणीक हाय का गिलावा?"

"उद्या सकाळपोत्तर व्हईल आप्पा."

"व्हईल म्हंजी? मिसळ काय लोकांनी तळहातावर घ्यायची?"

आप्पा गेले. चांदभाई डोक्याला हात लावून मैद्याच्या पोत्यावर बसले. सुगराबींनी बरणी मांडीवर घेतली, झाकण काढलं आणि आत बघतच राहिल्या. बुडबुडा नाही, आंबूस वास नाही. "मेलं," त्या हळूच म्हणाल्या. "अब्बांनी दिलेलं मेलं." आणि पदर डोळ्यांना लावला.

आसमीनने बरणी त्यांच्या हातातून घेऊन नाकाशी धरली. खमिराच्या जागी तिला शिरूरची प्रयोगशाळा भेटली. मोकळा सोडला की समोर येईल त्याला धरतो. काविळीचे जंतू मारायला टाकलेल्याला खमिरातले जीव कसे वेगळे कळणार? पण तिचं माप तर चुकलं नव्हतं! एवढ्याशा औषधाने एवढं होणं शक्य नाही, तिने मनाशी पुन्हा हिशोब केला. तरी वास तर होता.

गप्प राहावं, असं तिला वाटलं. सांगितलं की उद्यापासून औषध बंद. सुफिया जवळच खाली बसून हौदाच्या पाण्याने भरलेला पेला दोन्ही हातांनी धरून पीत होती, अर्धं पाणी छातीवर सांडत. आसमीनने तिच्याकडे बघितलं, मग पदरात तोंड खुपसलेल्या सासूकडे.

"अब्बा," ती म्हणाली, "मैद्याचा दोष नाही. हौदात मी औषध घालतेय. साथ सुरू झाल्यापासून."

चांदभाईंनी मान वर केली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी नगं म्हनलं व्हतं ना, दुल्हन?"

"म्हणाला होता. पण सुफियासाठी..." तिने पोरीला जवळ ओढलं. "माप बरोबर होतं अब्बा. तेवढ्याने खमीर मरत नाही. सिस्टरना बोलवा, पाणी तपासा. माझी चूक निघाली तर मी नाही घालणार पुन्हा."

अक्रम सिंधूबाईंना घेऊन आला. त्यांच्या पिशवीत काचेची नळी आणि तपासणीचं औषध असायचं. हौदातलं पाणी नळीत घेऊन त्यांनी त्यात थेंब सोडले. सगळे भोवती जमले.

"नीट असलं तर लिंबाच्या सरबतागत फिक्कं पिवळं दिसतं," सिंधूबाई सांगत होत्या, आणि सांगता सांगताच थांबल्या. पाणी पिवळं झालं, गडद झालं, आणि मग लग्नातल्या जिलबीसारखं केशरी झालं.

"अगं बया! ह्यात पोहायला सोडायचं का कुणाला?"

"पण मी थोडंच..." आसमीनचे डोळे भरून आले.

"एका बाटलीचा रंग न्हाईच ह्यो." सिंधूबाईंनी नळी खाली धरली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही लोकांनी कुणाला सांगू नका म्हनून माझ्या तोंडाला कुलूप घातलंय. आता तुमचं तुम्हीच बोला बाबा. मला पुढं दोन गल्ल्या करायच्यात."

मग सुगराबींनी कमरेची पानाची चंची सोडली, आणि सुपारीच्या खालून एक छोटी बाटली काढून परातीच्या काठावर ठेवली. "फजरच्या नमाजाला उठते तवा टाकते," त्या कणकेकडे बघत म्हणाल्या. "नळ यायच्या आधी."

"अम्मी, तू?" अक्रमने तोंडावर हात घेतला. मग त्याचा हात सावकाश खिशात गेला आणि तिसरी बाटली बाहेर आली. "मी रात्री दुकान बंद केल्यावर टाकतो."

चांदभाई आळीपाळीने तिघांकडे बघत राहिले. त्यांच्या गालाचे स्नायू हलू लागले. "आन् मी येडा," ते म्हणाले, "चव जाऊ नये म्हनून दुपारी गुपचूप नुसती तुरटी फिरवतोय!"

सगळ्यात आधी सिंधूबाई हसल्या, मग अक्रम, मग सुगराबी रडता रडता. सुफियाला काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तिने पेला जमिनीवर आपटून टाळ्या वाजवल्या.

बाकीचं मग भराभर झालं. अक्रम लुना काढून दौंडला मामूंकडे गेला. मामू बहिणीला नेहमी चिडवायचे की यवतच्या पाण्यात काही पाव फुगायचा नाही. त्या दिवशी त्यांना आयतं निमित्त मिळालं, पण खमीर दिलं, आणि बहिणीसाठी वर डबाभर नानकटाई. पाण्याचा तोडगा आसमीनने काढला. क्लोरीन उडून जातो; तापवलं की लगेच, उघडं ठेवलं की सावकाश. भट्टीवर मोठ्या डेगीत पाणी खळखळून उकळलं, निवायला ठेवलं, त्यातच कणीक मळली. पुढे रोजच बेकरीचं पाणी आदल्या दिवशी पसरट पातेल्यांत काढून उन्हात उघडं ठेवायचं आणि घरचं औषध घालून वेगळं, असं ठरलं. आप्पांचे पाव जरा उशिरा पोचले, पण टम्म फुगलेले. आप्पांचं पॅनेल मात्र सपाट झालं, आणि मिसळ विरोधकांनी चाटूनपुसून खाल्ली, असं चांदभाई पुढे कितीतरी वर्षं रंगवून सांगत.

पाणी तपासलं त्या संध्याकाळी सुगराबी मेलेल्या खमिराची बरणी घासत बसल्या होत्या. आसमीन शेजारी पाणी घालत होती.

"अक्रमच्या आधी एक व्हता," सुगराबी एकदम म्हणाल्या. "सुफियाएवढाच. जुलाब झाले, दोन दिवसांत गेला. तवा कोन सांगतंय पान्यात काय असतं ते." त्यांनी बरणी उपडी घातली. "तू पोरीच्या पापन्या वढून बघतीस ना, मी तू झोपल्यावर बघते. दिव्याच्या उजेडात काय दिसत न्हाई नीट, पन बघते."

इतके दिवस आसमीनला वाटत होतं, ह्या घरात जागी ती एकटीच आहे.

चांदभाईंनी हुकूम सोडला होता: औषध घाला, पण हात एकाच माणसाचा. तो हात आसमीनचा हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. शिकलेली ती, माप तिला येतं. सकाळी नळ येऊन गेला. नव्या मातीच्या रांजणात घरचं पाणी भरलं. आसमीन बाटली घेऊन आली, क्षणभर थांबली, आणि तिने ती सुगराबींच्या हातात दिली.

"तुम्ही घाला, अम्मी."

"मला दिसतंय व्हय नीट?"

"मोठ्याने मोजा. मी आहे इथंच."

सुफियाला काखेत घेऊन ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. मागे सुगराबी मोजू लागल्या. आवाज एके ठिकाणी अडखळला, "हे पडलं का न्हाई गं?" असं स्वतःशीच पुटपुटला, आणि पुन्हा पुढे निघाला. आसमीनची मान आपसूक मागे वळू पाहत होती. तिने सुफियाच्या जावळावर गाल टेकला, आणि वळली नाही.