आजोबांना तिकडंच ठेवायचं

जन्मभर कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाचा कशावर पटकन विश्वास बसत नाही. म्हाताऱ्यानं लोकांची दारं उघडून दिली होती आणि दारांमागं लोक काय काय लपवतात तेही पाहिलं होतं. त्यामुळं शुक्रवारी सूनबाई स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलू लागली, तेव्हा पाणी प्यायच्या निमित्तानं तो दाराशी थांबला.

"आजोबांना तिकडंच ठेवायचं," ती म्हणत होती. "जिने झेपत नाहीत आता. समुद्राची हवा मानवेल. यांना तेवढं सांगितलंय, बाकी कुणाला नाही. आधी कळलं तर निघणंच व्हायचं नाही."

म्हातारा पाणी न पिताच परतला. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. शनिवार-रविवार समुद्रावर जायचं, दोन्ही कुत्री न्यायची, अशी टूम अचानक का निघाली होती ते आता कळलं. सहल कसली, पोचवणी होती ती.

सकाळी त्यानं बारीक नजर ठेवली. गाडीच्या डिकीत त्याची जुनी रजई दिसली. दोन दिवसांच्या सहलीला रजई कशाला? सूनबाईनं त्याला पुढची सीट दिली, सफरचंद सोलून हातात दिलं, पाठीमागं उशी लावली. एवढं गोड वागणं त्यानं फक्त घर विकायला काढलेल्या माणसांचं पाहिलं होतं. मुलगा गाडी चालवत होता, पण बापाकडं बघायचं टाळत होता. जिन्यात धाप लागते म्हणून बापाला कुणी टाकतं का? डॉक्टरकडून आल्यापासून ही दोघं ताकास तूर लागू देत नव्हती. म्हाताऱ्यानं घराची किल्ली आतल्या खिशात आहे ना, ते पुन्हा चाचपून पाहिलं.

मागं नात दोन कुत्र्यांमध्ये दाटीवाटीनं बसली होती. पिल्लू कुणाच्याही मांडीवर चढत होतं. थोरला पांढऱ्या तोंडाचा कुत्रा मात्र शांत होता.

"बाबा, काच खाली करा ना," नात म्हणाली. "आजोबांना वारा हवाय."

म्हातारा मनातल्या मनात करवादला. कुत्र्याच्या तोंडावरचे केस पिकले तसं पोरीनं त्याला आजोबा म्हणायला सुरुवात केली, आणि मुलगा-सूनही थट्टेनं त्याला अहो-जाहो करू लागली. आजोबा जेवले का, आजोबा झोपले का. म्हाताऱ्याला तो चावटपणा वाटायचा. तो कुत्र्याला नुसतं "ए" म्हणे, आणि कुत्रा तेवढ्यावर उठून येई.

समुद्रावर पिल्लू लाटांवर भुंकत सुटलं, नात त्याच्यामागं. थोरला म्हाताऱ्याच्या पायाशी ओल्या वाळूत टेकला. म्हाताऱ्याचं पाण्याकडं लक्षच नव्हतं. तेवढ्यात सूनबाई आली.

"बाबा, इथं जवळच एक ओळखीच्या बाई राहतात. आपण दोघं जाऊन येऊ. ही बापलेकं खेळू देत इथं."

म्हणजे मुलगा इथंच थांबणार. बापाला सोडतानाचं तोंड बघायला नको. पाणी मुरत होतं ते इथंच.

थोरला कुत्रा मागच्या सीटवर चढवला, गाडी निघाली आणि उंच फाटकाच्या एका बैठ्या घरापुढं थांबली. फाटकाची कडी बाहेरून हात पोचणार नाही अशी लावलेली होती. म्हाताऱ्यानं सीटचा पट्टा सोडलाच नाही.

"मला इथं टाकायचं असेल तर तोंडावर सांग," तो म्हणाला. "असा केसानं गळा कापू नका."

सूनबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "तुम्हाला? अहो बाबा, काय बोलताय?"

"आजोबांना तिकडंच ठेवायचं. या कानांनी ऐकलंय मी."

तिनं मान वळवून मागच्या सीटकडं पाहिलं. मग म्हाताऱ्यानंही पाहिलं.

"तुम्ही याला रोज उचलून जिना चढता," ती खालच्या आवाजात म्हणाली. "डॉक्टरांनी तुम्हाला पिशवीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलंय. किती वेळा सांगितलं, ऐकता का तुम्ही? तुम्ही पडलात तर आम्ही काय करायचं? बाई चांगल्या आहेत, अंगण आहे, पायरी नाही. तुमची रजईही आणलीय त्याला. वाटेत सांगणार होते. धीर झाला नाही."

म्हाताऱ्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. आपण घरी जाणार, आपली खाट, आपली खिडकी. तो चक्क हसला. मग हसू जागच्या जागी थांबलं, कारण मागं कुत्रा त्याच्या हसण्यावर शेपटी हलवत होता. म्हाताऱ्याला स्वतःची लाज वाटली.

बाई फाटक उघडून आल्या. त्यांनी चुचकारलं, दोरी ओढली, पण कुत्रा गाडीतून उतरेना.

"बाबा, तुम्हीच न्या आत," सूनबाई म्हणाली. ती रडत होती. "दुसऱ्या कुणाबरोबर यायचा नाही तो."

नाही म्हणावं असं म्हाताऱ्याच्या ओठांवर आलं होतं. पण सुनेचा चेहरा त्यानं पाहिला, आणि जिन्यात मध्येच टेकावं लागतं, छातीत कळ येते, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो उतरला. दोरी हातात घेतली आणि म्हणाला, "ए, चल."

कुत्रा लगेच उतरला. फाटक त्यानं हुंगलंसुद्धा नाही. म्हातारा पुढं चालतोय म्हटल्यावर त्याला कसली शंका येणार?