उजव्या खांद्यावरचं जानवं

“मुलगी बरी दिसायला लागली की जास्त सांभाळा,” डॉक्टर सुरुची म्हणाल्या होत्या. “ताप नाही, सांधे दुखत नाहीत, मग सुई कशाला, असं घरात कुणीतरी म्हणेलच. सांधेतापाने हृदयाची झडप धरली आहे. दर एकवीस दिवसांनी सुई म्हणजे सुई. बाविसावा दिवस उजाडू द्यायचा नाही.”

मधुवंती तेव्हा हसली होती. असले इशारे अडाण्यांसाठी असतात, अशी तिची समजूत. ती जबलपूरची बी.एस्सी., तीही पदार्थविज्ञान घेऊन.

आज तिसावा दिवस होता. आणि ती सात वर्षांच्या ईशानीचा हात धरून नदीपलीकडे रामनगरला त्रिनेत्र महाराजांच्या दारात उभी होती.

शहाण्णव सालचा पितृपक्ष चालू होता. रामलीलेला आलेली माणसं दुपारची रिकामी, ती सगळी या जुन्या तेलाच्या गोदामाकडे लोटली होती. खिडक्यांना काळे पडदे, आणि दारावर पाटी: ‘अंतर्दर्शन केंद्र. चीरफाड नहीं, सुई नहीं, साक्षात दर्शन।’

“हमरे फूफा के गुर्दे में पत्थर था, भइया,” एक जण आपल्या आतोबांच्या मूतखड्याची गोष्ट सांगत होता. “अपनी आँख से देखे। महाराज हाथ फेरे, पत्थर गायब!”

“गया कहाँ?”

“हवा में, और कहाँ!”

अकरा दिवसांपूर्वी मधुवंतीनेही आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आत मिट्ट काळोख. समोर भिंतीएवढी काच, काचेपलीकडे पलंग, पलंगावर ईशानी. भगव्या धोतरावर डॉक्टरी पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष आणि त्याच्याशेजारी स्टेथोस्कोप, असा महाराजांचा थाट. “अमेरिका में जो मशीन पचास साल बाद बनेगी,” ते गरजले, “वो हमारे ऋषियों के पास थी!” आणि ईशानीच्या छातीवर, फ्रॉकमधून आरपार, लालभडक हृदय उमटलं. धडधडत होतं. त्यावर काळा डाग. महाराजांनी हवेत चिमूट धरली, ओढली, आणि डाग नाहीसा झाला.

“चालीस दिन सुई मत छुआना, माई। सुई से दर्शन टूटता है।”

अंगारा दिला असता, लिंबू उतरवलं असतं, तर मधुवंती तिथल्या तिथे उठली असती. पण ही तर मशीन होती! आणि खरं सांगायचं, तर तिला ते खरं असायला हवं होतं. ती सुई ईशानीला दोघींनी धरून द्यावी लागे. पोरगी “आई, नको ना गं” म्हणून ओरडे आणि दोन दिवस लंगडे. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणत, “कसायाच्या हाती देतेस लेकराला.” नवरा शार्दूल बँकेच्या बदलीमुळे गोरखपूरला, घरात सांगणार कोण? एकविसावा दिवस आला तेव्हा सासूबाईंनी सुईची चिठ्ठी देवघरात लाल फडक्यात बांधून ठेवली. मधुवंतीने ती सोडली नाही. तेव्हापासून रोज पहाटे ती ईशानीच्या कपाळाला, मनगटाला, घोट्याला हात लावून बघे, आणि दिवस मोजे.

आज पाळी तिच्या सासऱ्यांची होती. वेणीमाधवभट दुर्गाघाटावरचे जुने भिक्षुक. त्यांची कंबर धरली होती, म्हणून सासूबाईही बरोबर आल्या होत्या. शिवाय महाराज आता नुसतं हृदय नाही, अख्खं सूक्ष्म शरीर दाखवू लागले होते.

“आई,” ईशानी म्हणाली, “गुडघा दुखतोय.”

 मधुवंतीने तिथेच खाली बसून फ्रॉक वर केला. गुडघा गरम होता.

“मामंजी, आपण परत जाऊ. आत्ताच्या आत्ता हिला दवाखान्यात नेते.”

“चाळीस दिवस झाले का, सूनबाई?” वेणीमाधवभट शांतपणे म्हणाले. “आलोच आहोत तर महाराजांनाच दाखवू. पाच मिनिटांचं काम.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर नाही,” सासूबाईंनी निकाल दिला.

पडदा पडला, काळोख झाला. वेणीमाधवभट उघड्या अंगाने पलंगावर आडवे झाले. महाराजांनी टाळी वाजवली आणि त्यांच्या देहावर दुसरा देह उमलला: हिरवट, तरंगता, छातीत हृदय पेटलेलं. आणि काय नवल, त्या सूक्ष्म शरीराच्या अंगावर जानवंसुद्धा!

“वाह! वाह!” गर्दी उसळली. दुर्गाघाटावरची मंडळी आली की त्यांना आपलं काहीतरी दिसलं पाहिजे, हे महाराजांना चांगलं ठाऊक होतं.

सासूबाईंनी हात जोडले. आणि जोडलेले हात तसेच राहिले.

“अगं बाई! अहो, अपसव्य!”

शेजारी उभे असलेले, दुर्गाघाटावरचेच ढुंढिराजभट पुढे वाकले. “वेणीमाधवभट, जानवं उजव्या खांद्यावर आहे तुमचं!”

“काय बोलता?” काचेपलीकडून वेणीमाधवभटांनी अंधारात आपला खांदा चाचपला. “डाव्यावरच आहे हो! श्राद्ध उरकलं, सव्य केलं, मगच नावेत बसलो!”

“क्या हुआ? क्या हुआ?” महाराज भांबावले.

“जनेऊ उल्टा है, महाराज,” कुणीतरी सांगितलं. “इनमें दाहिने कंधे पर पितरों के काम में ही करते हैं।”

दुसरा कुणी गडबडला असता. महाराजांनी एक श्वास घेतला आणि डोळे फिरवले. “हम जानते थे! पितर नाराज हैं! यही छाया बच्ची पर है। चालीस नहीं, अब अस्सी दिन। सुई लगी, तो पितर ले जाएँगे!”

सासूबाईंनी ईशानीला गच्च पोटाशी धरलं. “ऐकलंस ना? आता सुईचं नाव काढशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील.”

ऐंशी दिवस.  मधुवंती त्या उलट्या जानव्याकडे बघत राहिली. उलटं. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. कुठे? रोज. रोज सकाळी मामंजी आरसा घेऊन गंध लावायला बसत, ईशानी त्यांच्या पाठीमागून डोकावे आणि चिडवे, “आजोबा, आरशातले आजोबा रोजच श्राद्ध करतात!”

आरसा!

तिने काचेकडे नीट पाहिलं. काच समोर सरळ उभी नव्हती, तिरकी होती. साड्यांच्या दुकानाच्या काचेत आतली साडीही दिसते आणि तिच्यावर आपला चेहराही, तशी. मग हा ‘चेहरा’ कुणाचा? तो बाजूलाच कुठेतरी असणार.

पिशवीत टॉर्च होता. बिजलीचा भरवसा नसल्याने तो कायम पिशवीतच असे. तिने काचेपुढे बांधलेली दोरी ओलांडली.

“सूनबाई, कुठे निघालीस?” काचेमागून आवाज आला.

“पितरांना भेटायला.”

“माई, रुको! भस्म हो जाओगी!” महाराज धावले. पण मधुवंतीने बाजूचा काळा पडदा ओढून टॉर्च पेटवला होता.

आत, काळ्या कापडाने मढवलेल्या खणात, खाटेवर एक उघडाबंब माणूस पडला होता. अंगाला हिरवा रंग. छातीवर रबरी हृदय, त्याच्या आत बल्ब. एका हातात पंख्याचा रेग्युलेटर, तो फिरवला की हृदय धडधडणार. हृदय होतं उजव्या बाजूला, म्हणजे काचेत डावीकडे दिसावं. एवढी अक्कल महाराजांनी चालवली होती. जानवं मात्र त्या बापड्याने, सगळे घालतात तसं, डाव्या खांद्यावर घातलं होतं.

टॉर्च डोळ्यांवर येताच तो दचकून उठला. आणि बाहेर लोकांनी जे पाहिलं ते रामनगरात अजून सांगतात: पलंगावर वेणीमाधवभट पडलेलेच, आणि त्यांचं सूक्ष्म शरीर मात्र उठून लुंगी सावरत होतं!

आधी एक लहानशी खुसखुस, मग सगळं गोदाम हसलं. हसू ओसरलं तेव्हा महाराज मागच्या दाराने गेले होते. सूक्ष्म शरीर तेवढं सापडलं.

“अरे, मगर हमरे फूफा का पत्थर?” मघाचा माणूस केविलवाणा विचारत होता.

“फूफाजी के पेट में है,” मधुवंती म्हणाली. “आज ही डाक्टर को दिखाइए।”

वेणीमाधवभट बाहेर आले. त्यांनी खाटेवरच्या माणसाचं जानवं पाहिलं, काचेतलं पाहिलं, मग स्वतःचं. “पन्नास वर्षं लोकांना सव्य कर, अपसव्य कर सांगतोय,” ते पुटपुटले, “आणि आरसा ओळखता आला नाही.” त्यांनी धरल्या कमरेने ईशानीला उचललं. सासूबाई काही बोलणार, तोच म्हणाले, “देवघरातली चिठ्ठी सोड. मी होडी बघतो.”

संध्याकाळच्या आत ते दवाखान्यात होते. डॉक्टर सुरुचींनी बराच वेळ छाती ऐकली. 

“गुडघा पुन्हा धरलाय. आज दाखल करून घेते. झडपेचा आवाज मात्र होता तेवढाच आहे. ते ऐंशी दिवस थांबला असतात, तर हे वाक्य मला म्हणता आलं नसतं.”

मधुवंतीने मान खाली घातली. “मी शिकलेली आहे हो. मशीन पाहिली आणि फसले.”

“मशीनवर राग धरू नका. परदेशात खरंच खटपट चालली आहे, आतलं चित्र तिथल्या तिथे रोग्याच्या अंगावर दिसावं म्हणून. उद्या आमच्याही हाती येईल ते. तेव्हा पळू नका आणि हातही जोडू नका. एवढंच विचारा, हे चित्र कोणाचं? याच माणसाच्या अंगातून आलं का? दुसऱ्या डॉक्टरला तपासता येईल का? आणि जो म्हणेल की आता औषध बंद, त्याला तर दोनदा विचारा.”

सुई दिली तेव्हा ईशानी ओरडलीच. तिचे पाय वेणीमाधवभटांनी धरले होते.

ईशानी घरी आली, तरी मधुवंतीला चैन पडेना. त्या गोदामातून अशी किती माणसं चाळीस दिवस घेऊन घरी गेली असतील? ती गल्लोगल्ली विचारत सुटली. संकठा घाटाच्या प्रेमलाकाकूंनी मिरगीच्या गोळ्या सोडल्या होत्या. “बरं वाटतंय गं मला,” त्या म्हणाल्या. मधुवंती त्यांच्या उंबऱ्यातच बसली, त्यांनी गोळी गिळेपर्यंत.

महाराज अजून सापडलेले नाहीत. दुसऱ्या गावात, दुसऱ्या काचेमागे असतील. त्यांना शोधणं पोलिसांचं काम. तुमचं काम त्याहून सोपं आहे. तुमच्या ओळखीत कुणीतरी आहे, जे परवापर्यंत औषध घेत होतं आणि आता हसून म्हणतं, बरं वाटतंय. आज त्यांच्याकडे जा. गोळ्यांची पट्टी दाखवा म्हणा. सुईची तारीख विचारा. ते रागावतील, रागावू द्या. पण विचारल्याशिवाय उठू नका.