ड्रायव्हरची बशी

भामाची म्हैस जाड झाली.

बटाट्याची भजी, बशी चार आणे.

भोंगा. पुन्हा भोंगा.

गल्ल्यावरून भटारखाना दिसत नाही. मोरी तर नाहीच नाही.

मंगळवारी शेठ येणार.

पनवेलच्या नाक्यावरच्या हॉटेलात कमळाकर सात वर्षं गल्ल्यावर बसत होता. वेटरने ‘आठ आणे!’ अशी आरोळी ठोकली की हात पुढे, पैसे आत. लोक त्याला मॅनेजर म्हणत. मालक तुळशीरामशेठ मात्र म्हणत, “तू गल्ला सांभाळतोस रे, हॉटेल नाही.” शेठची हॉटेलं तीन: पनवेल, पेण, खोपोली. तिघा मॅनेजरांना ते दर मंगळवारी समोर बसवत. “किती आले ते मला वही सांगते. का आले, ते तुम्ही सांगा.”

फाल्गुनात कमळाकरने बाजी मारली होती. पुण्याला उतारू नेणाऱ्या मोटारींचे ड्रायव्हर फुकट भजी खायचे. दिवसाला बारा मोटारी, बारा बश्या, तीन रुपये. त्याने ड्रायव्हरांची भजी बंद केली, नुसता चहा ठेवला. शेठनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

आता वैशाख. रोजचा गल्ला आठ रुपयांनी खाली. मोटारी तेवढ्याच, माणसं तेवढीच.

“मंगळवारपर्यंत कारण शोध,” शेठ म्हणाले, “नाहीतर इथे खोपोलीचा भगवान बसेल.”

कमळाकरने बटाटे तोलून पाहिले. वेटरांवर नजर ठेवली. काहीच सापडेना. आणि मग, का कोण जाणे, भर गर्दीत तो गल्ल्यावरून उठला आणि मागे मोरीवर गेला. भामा बश्या विसळत होती.

“अगो बाय! मॅनेजरबाबा, वाट चुकलाव काय?”

“उरलेलं काय काय येतं गं?”

“इतकी वर्सं नाय इचारलंत! दोन मयने झाले, अर्दी भजी तशीच येतान. मी म्हशीला घालते. बगा, कशी फुगलीय.”

“भजी बिघडलीत?”

“भजी बेस हायेत. खायाला येल कुटं हाय? भोंगा वाजतो ना.”

कमळाकर घड्याळ घेऊन दारात उभा राहिला. काशीराम ड्रायव्हरची मोटार आली. काशीरामने उभ्या उभ्या चहा घशात ओतला, सहा मिनिटांत भोंगा दाबला. उतारू अर्धी बशी टाकून पळाले. पूर्वी हाच काशीराम भजी चघळत वीस मिनिटं गप्पा छाटायचा. तेवढ्यात उतारूंचा दुसरा चहा व्हायचा, पोरं शेवेचा लाडू मागायची.

म्हणजे ते आठ रुपये कमळाकरनेच घालवले होते. पाठ थोपटून घेऊन.

मंगळवारी त्याच्या जिभेवर दुसरंच उत्तर तयार होतं: उन्हाळ्यात भूक मरते. शेठना ते पटलंही असतं. त्याने शेजारी बसलेल्या भगवानकडे एकदा पाहिलं.

“शेठ, चूक माझी,” तो म्हणाला आणि म्हशीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं.

शेठनी पानाला चुना लावला.

“शाबासकी कोणी दिली होती?”

“तुम्ही.”

“मग आपण दोघेही गल्लेवालेच म्हणायचे!” ते खो खो हसले. “बस तिथेच. बशी उद्यापासून चालू. आणि तिघेही ऐका, रोज एकदा मोरीपर्यंत जायचं.”

भगवानला राहवेना. “पण शेठ, ही फुकट बशी मुळात काढली कोणाच्या डोक्याने?”

शेठनी कमळाकरकडे पाहिलं. कमळाकरने मान हलवली. त्याला आठवत नव्हतं.

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी, १९४९च्या मार्चात, कमळाकर काशीरामकडून भज्यांचे पैसे घ्यायला विसरला होता.