वळ नसलेलं कपाळ

मी एक जुनी कपाळपट्टी आहे. मित्रांनो, ओझं माणसाच्या पाठीवर असतं, पण त्याचा ताण मी कपाळावर धरते. आमच्या डोंगरात तेव्हा बैल नव्हते, गाढवं नव्हती. होती ती माणसं आणि मी.

शोको नावाच्या बाईनं घायपाताचा वाख काढून मला विणलं, आपल्या थोरल्या मुलासाठी, कोयोलसाठी. मक्याची पोती, मीठ, एकदा तर त्याची रुसलेली बायकोसुद्धा माहेराहून आम्ही पाठीवर आणली. ती वाटभर त्याला शिव्या घालत होती.

शोकोनं आणखी एकाला दूध पाजलं होतं: गावचा सरदार तेकुआन. खंडणी उकळणाऱ्या राजधानीवाल्यांच्या जाचाला कंटाळून त्यानं दर्यापारच्या दाढीवाल्यांशी हातमिळवणी केली. राजधानी तळ्याच्या मधोमध होती, म्हणून त्यांना तळ्यावर लढायला जहाजं हवी होती. त्यांची लाकडं डोंगरापलीकडे न्यायला सरदारानं दोनशे हमाल कबूल केले. भरले एकशे नव्याण्णव.

कोयोल तापानं फणफणला होता.

"एकच खेप, दादा," सरदार म्हणाला. काम असलं की तो दूधभावाला दादा म्हणे.

"मग तूच उचल की."

"सरदारानं ओझं उचललं तर गाव हसेल ना!"

हसला कोयोलच. आणि उठला.

खिंडीत त्याचे पाय लटपटू लागले. मी तुटले असते तर तुळई दरीत गेली असती, त्याला चार फटके बसले असते आणि तो वाचला असता. मी तुटले नाही. मजबूत म्हणून माझं कौतुक व्हायचं, मित्रांनो. मला तेच राखायचं होतं.

लढाई जिंकली. दाढीवाल्यांनी सरदाराला 'डॉन बाल्तासार' असं मानाचं नवं नाव दिलं, घोडा दिला. त्यानं मला बैठकीत टांगलं. पाहुण्यांना सांगे, "लाकडं आम्ही वाहिली!"

पुढे त्यानं लढाईतल्या मदतीबद्दल दाढीवाल्यांच्या राजाकडे अर्ज लिहायला घेतला. ज्यांची नावं त्यात जातील, त्यांच्या घराला हमालीची वेठ माफ होणार होती. शोको आली. तिला आता धाकटा तोची तेवढा उरला होता.

"बाळा, कोयोलचं नाव घाल."

"आई, यात सरदारांचीच नावं जातात."

"असं? इकडे ये बघू." तिनं त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला. "गुळगुळीत आहे रे! लाकडं वाहिलीस म्हणे, मग पट्टीचा वळ कुठाय?"

लेखनिक लेखणी धरून थांबला. सरदाराचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता म्हणेल.

"पुढचं नाव घ्या," तो म्हणाला. "आमचे मामा."

त्याच वर्षी दक्षिणेच्या मोहिमेला तोचीला वेठीनं हमाल म्हणून नेलं. पट्ट्या कमी पडल्या म्हणून मला खुंटीवरून काढलं. निघताना सरदारानं तोचीला स्वतःचे जोडे दिले. ते त्याला लहान झाले.

सातव्या दिवशी मला सोडून दुसऱ्याच्या कपाळावर बांधलं. तोचीला दुसरं ओझं दिलं की तो मागेच राहिला, मला दिसलं नाही. नव्या माणसाचं नावही मला कोणी सांगितलं नाही.

मित्रांनो, मला तेल लावून जपू नका. मला कुणाच्या कपाळावर बांधाल, तर आधी त्याचं नाव विचारा, आणि कुठेतरी लिहून ठेवा.