मी पुसलेली भिंत

मी एक जुना झाडलोटीचा मंत्र आहे, मित्रांनो. मला हातपाय नाहीत. कुणाच्या तरी जिभेवर मी राहतो. आमच्या मुलखात दूध उतू जाऊ नये म्हणून मंत्र असतो, तसा सुईत दोरा ओवायचाही असतो.

मोताळ्याच्या एका बाईने मला रचलं. कापूस घरात आला की चुलीपासून अंथरुणापर्यंत तंतूच तंतू व्हायचे. उंबऱ्यावर पाणी शिंपडून तिने माझा उच्चार केला की मी घरभर फिरे आणि धूळ, जाळी, डाग घेऊन मागच्या दाराने बाहेर पडे. तिची लेक तानुबाई साखरखेर्ड्याला नांदायला निघाली, तेव्हा आईने मला तिच्या कानात सांगितलं.

तानुबाईकडे मी चाळीस वर्षं राबलो. लग्नघरची माणसं तिला मुद्दाम बोलावून नेत. माझी तारीफ ऐकून मी फुलून जाई. पण काय न्यायचं आणि काय ठेवायचं, हे मला कधीच कळलं नाही.

तानुबाईची नात राखी सात वर्षांची होती. जेवता जेवता उठायची आणि हळदीचे हात भिंतीला पुसायची. तिची आई सिंधूताई रोज रागवायची. गेल्या श्रावणात राखीला ताप भरला. सहाव्या दिवशी ती दवाखान्यातच दगावली.

दिवस झाल्यावर भावाने सिंधूताईला सुलतानपूरला माहेरी नेलं. ती परत यायची त्या सकाळी तानुबाई भिंतीपुढे उभी राहिली. सुनेने हे ठसे पाहिले तर तिला सोसणार नाही, असं तिला वाटलं. तिने मला म्हटलं. मी भिंत पुसली. राखीच्या फणीत अडकलेले केसही नेले.

सिंधूताई आली. हातातली पिशवीही न ठेवता ती भिंतीपाशी गेली.

"आत्याबाई, इथं माह्या राखीचे हात होते. काऊन पुसले तुमी?"

"तुले तरास होऊ नये म्हून, माय."

"तेवढेच तर राह्यले होते मले."

दुसऱ्या दिवशी तानुबाई मला उलटं म्हणायला बसली. शेवटचा शब्द आधी, पहिला शेवटी. मी जीव तोडून धडपडलो, मित्रांनो. पण ते ठसे नि ते केस वाऱ्याने कधीच नेले होते. मला घरात आणता आली ती फक्त अंगणातली माती. तानुबाई दुपारपर्यंत म्हणतच राहिली. अखेर सिंधूताईने तिच्या तोंडावर हलकेच हात ठेवला.

"राहू द्या आता. घसा बसला तुमचा."

मग दोघी एकमेकींना धरून रडल्या.

तेव्हापासून मला कुणी म्हटलेलं नाही. सासूसुना हाताने झाडतात. तानुबाईला माझे शब्दही आता धड आठवत नाहीत. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रांनो, घर जरूर स्वच्छ ठेवा. पण एखादा डाग पुसण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, हा राहू द्यायचा का? मला थांबता आलं असतं, तर त्या सकाळी मी सिंधूताईची वाट पाहिली असती.