बहरीनचे पाच दाते

आखाती सहकार्य परिषदेच्या बैठकीसाठी सहाही सदस्य देशांचे झेंडे हमरिया भागातल्या शिवणाच्या दुकानात रमण परबने शिवले, आणि आदल्या दिवशी बहरीनचा झेंडा परत आला. लाल-पांढऱ्याच्या सीमेवर पाचाऐवजी नऊ दाते होते. नऊ असतात ते कतारला.

कापड रमणनेच कापलं होतं. कटिंगवाला सदानंद कापायच्या दिवशी तापाने खोलीवर पडला होता, म्हणून रमणने घाईत कतारच्या दात्यांचा नमुन्याचा पुठ्ठा लाल कापडावर ठेवून कात्री चालवली.

"कुणी कापलं?" अर्बाबने, दुकानाच्या अरब मालकाने, विचारलं.

"कटिंग सदानंद करतो," रमण म्हणाला. यात खोटं काही नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. ताप उतरून कामावर आलेल्या, शेजारी उभ्या सदानंदने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

आठवड्याने सदानंदचा व्हिसा रद्द झाला. त्याची बॅग रमणने टॅक्सीत ठेवली. निघताना सदानंदने त्याच्या हातात एक नवा पुठ्ठा दिला. पाच दाते नीट कापलेले, वर पेनाने ‘बहरीन’ लिहिलेलं.

"पुढच्या वेळेक ह्यो वापर, रमणा. इचारूक मी नसतलंय."