पालथा पेशंट

अंजनानं हातातला ट्रे खाली ठेवला आणि ती थेट ऑपरेशनच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली.

"सर, पाय चुकलाय."

डॉक्टर इनामदारांचा हात जागीच थांबला. टेबलावर जोतीराम पालथा, भूल चढून गाढ झोपलेला. शिवाजी पेठेतला फुटबॉल खेळणारा गडी. गुडघ्याच्या मागं गाठ झाली म्हणून दवाखान्यात आला होता. एका पायाला आयोडीन लावून झालं होतं, दुसरा चादरीखाली झाकलेला होता.

"कोण बोललं?"

"मी, अंजना. गाठ डाव्या पायाला हाय."

"मग हा कोणता आहे? डावाच आहे. नर्सिंगचं कितवं वर्ष तुझं?"

"दुसरं."

भूल देणारे डॉक्टर मास्कआड हसले. सकाळपासूनचं हे तिसरं ऑपरेशन होतं आणि सगळ्यांनाच घाई होती. केसपेपरवर 'डावा गुडघा' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यावर कुणाचाच वाद नव्हता. डावा कुठला, एवढाच प्रश्न होता.

रोज पेशंट उताणा असायचा. पायथ्याशी उभं राहिलं की त्याचा डावा पाय डॉक्टरांच्या उजव्या हाताला यायचा. हाताला सवयच लागली होती. आज पेशंट पालथा होता, आणि सवयीनं उजव्या हाताकडचाच, म्हणजे पेशंटचाही उजवा पाय तयार केला होता.

अंजनाला ते लगेच कळलं, कारण ती हे सगळं फार कष्टानं शिकली होती. गारगोटी गावाहून आली तेव्हा वर्गातले इंग्रजी शब्द तिच्या डोक्यावरून जायचे. पुढची बाजू, मागची बाजू, सांधा वाकवणं, ताठ करणं, अंगापासून लांब नेणं, जवळ आणणं, प्रत्येकाला एकेक अवघड नाव. मग ती होस्टेलच्या फरशीवर उताणी पडायची, पालथी व्हायची, हातपाय हलवत मोठ्यांदा एकेक नाव घ्यायची. खोलीतल्या मुली पोट धरून हसायच्या. तिनं कधी आवाज कमी केला नाही.

"बाजूला हो," डॉक्टर इनामदार म्हणाले.

"गुडघे वाकलेत म्हणून गाठ दिसंना झालीया. नडगीखालची उशी काढा, पाय ताठ करा. काल वॉर्डात पेशंटनं उभं राहून दाखवली की मला. पाय ताठ केला की वर येतीया."

"सिस्टर, हिला बाहेर काढा!"

थिएटरच्या सिस्टर पुढं आल्या. अंजनानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती टेबलाला वळसा घालून पलीकडं गेली, चादर वर सारली आणि नडगीखालची उशी ओढून काढली. जोतीरामचा पाय सरळ झाला. गुडघ्याच्या मागं, लवणीत, हळूहळू आवळ्याएवढा गोल फुगवटा वर आला.

डॉक्टरांनी आपल्या पुढ्यातला, आयोडीन लावलेला पाय ताठ करून पाहिला. तिथं सगळं सपाट होतं. त्यांनी हातमोजे काढले.

"पुन्हा तयारी करा," एवढंच म्हणून ते हात धुवायला गेले.

ऑपरेशन नीट पार पडलं. चार वाजता मेट्रन श्यामलाबाईंनी अंजनाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर डॉक्टरांची चिठ्ठी होती.

"थिएटरमध्ये उद्धटपणा केलास म्हणे. मोजे न घालता हात लावलास. त्यांना लेखी माफी हवी आहे. नाहीतर तुझं नाव कमी करायचं."

मेट्रननी कोरा कागद पुढं सरकवला. नाव कमी म्हणजे परत गारगोटी. तिच्या लग्नासाठी तिकडं एक स्थळ अजून थांबलेलं होतं. इथं येण्यासाठी ती वडिलांशी दोन वर्षं भांडली होती.

अंजना बसली. पदरानं बोटांचा घाम पुसून तिनं लिहायला घेतलं. पेशंट पालथा होता. तयार केलेला पाय उजवा होता. गाठ डाव्या गुडघ्याच्या मागच्या बाजूस होती, गुडघा ताठ केल्यावर ती सर्वांना दिसली. मी हातमोजे न घालता चादर उचलली, ते चुकलं. बाकी काही चुकलं नाही. खाली सही.

मेट्रननी कागद वाचला, चष्मा काढला, पुसून परत लावला आणि पुन्हा वाचला.

"ही माफी नाही."

"न्हाय."

"ह्यानं तुझं नाव कमी होईल. कळतंय ना?"

"व्हय. करा कमी. पर त्यो माणूस उद्या दोन पायांवर उभा ऱ्हाणार हाय, आन मी माफी लिवणार न्हाय."

बाहेर व्हरांड्यात बादलीची कडी वाजली. श्यामलाबाईंनी उठून ऑफिसचं दार लोटून घेतलं, खण उघडला आणि दोन कोऱ्या कागदांमध्ये एक निळा कार्बन घालून ते तिच्यासमोर ठेवले.

"पुन्हा लिही. तारीख घाल, वेळ घाल, थिएटरमध्ये कोण कोण होतं तेही घाल," त्या म्हणाल्या. "आणि दाबून लिही. खालची प्रत माझ्याकडं राहणार आहे."